चिनी काढ्याची किटली

मी एक जुनी मातीची किटली आहे, मित्रांनो. माझं बूड काळं पडलं आहे आणि कानाजवळ एक बारीक चीर गेली आहे. जांबे गावात सारजाबाईंच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर मी पालथी पडून असते.

माझा जन्म मात्र चीनमधला. तिथल्या एका कुंभाराने मला झाडपाल्याचे काढे उकळण्यासाठी घडवलं. किमया नावाची लातूरची मुलगी कंपनीच्या कामासाठी तिकडे गेली होती. तिने मला विकत घेतलं आणि स्वेटरमध्ये गुंडाळून इकडे आणलं. सारजाबाई आणि त्यांचे यजमान भिवाजी यांच्या घरात ती वरची खोली भाड्याने घेऊन राहायची.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. हिंजवडीच्या ऑफिसातून थकून आली की किमया माझ्यात शेवंतीची वाळलेली फुलं टाकायची. खोलीभर मंद वास पसरायचा. या फुलांच्या चहामुळे तिची संध्याकाळची कॉफी सुटली आणि झोपही बरी लागू लागली. वासाच्या ओढीने सारजाबाई एकदा वर आल्या.

"कसला पाला ह्यो, पोरी?"

"शेवंती आहे, काकू. घ्याल का थोडा? पण तुम्हाला कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

"मला न्हाई बाई. गोळ्या ह्यास्नी. हृदयात झडप बसवल्यापासनं रगात पातळ व्हायची गोळी रोज घ्यायला लागतीया."

"मग काकांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही देऊ नका."

सारजाबाईंनी मान डोलावली. पुढे त्या रोज येऊ लागल्या. त्या चहाने त्यांचे गुडघे काही बरे झाले नाहीत. पण गरम कप हातात धरून दोघी बोलत बसायच्या आणि सारजाबाईंचा चेहरा उजळायचा. मला तेवढंही पुष्कळ वाटायचं.

पुढे किमयाची आई आजारी पडली. किमया रजा घेऊन लातूरला गेली आणि जाताना मला सारजाबाईंकडे ठेवून गेली. त्याच सुमारास भिवाजींनी घोटावड्याच्या बाजारातून एक पुडी आणली. पुडीवर चिनी अक्षरं होती आणि आत लालसर मुळ्यांचे तुकडे. त्या कशाच्या आहेत हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं.

"हातपाय हलकं हुत्यात म्हनं. उकळ की जरा," भिवाजी म्हणाले.

"आवं, पोरगी म्हनली हुती, डॉक्टरला इचारा."

"चहाला कुनी डॉक्टर इचारतं व्हय?"

नवऱ्याला रानातून फिरताना धाप लागते, हे सारजाबाईंना बघवत नव्हतं. त्यांनी मला चुलीवर ठेवलं. पाणी निम्मं आटेपर्यंत मुळ्या उकळल्या. भिवाजींना तरतरी वाटली. मग सकाळ-संध्याकाळ तोच काढा सुरू झाला, तोही दिवसेंदिवस घट्ट.

काही दिवसांनी दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर निळे डाग उठले. सारजाबाई घाबरल्या. तपासणीला जायची वेळ जवळ आली होती. "काढ्याचं सांगूया का?" त्यांनी विचारलं.

"सांगशील तर बग. डॉक्टर वरडल, आन् बंद करल. मला बरं वाटतंया ना?"

तपासणीही त्यांनी पुढे ढकलली. "पेरनी झाली की जाऊ," म्हणाले. सारजाबाईंनीही डॉक्टरांना काही कळवलं नाही आणि काढा चालूच ठेवला.

पेरणी व्हायच्या आधीच, न्याहारीला बसलेले भिवाजी डोकं धरून कलंडले. त्यांचा एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं. मुलाने, कैलासने, त्यांना दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा सारजाबाईंनी पदराच्या गाठीतून ती पुडी काढून दिली. पुडीवरची चिनी अक्षरं वाचून घेतल्यावर, या मुळीने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर फार वाढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी कळलं असतं तर काढा थांबवता आला असता, असंही ते म्हणाले. भिवाजी परत घरी आले नाहीत.

दहाव्यानंतर किमया भेटायला आली. कैलास दारातच उभा होता.

"ताई, खोली खाली करा. तुमचं ते चिनी खूळ आमच्या घरात आलं आन् आमचा म्हातारा गेला."

किमया खाली मान घालून उभी राहिली. आतून सारजाबाईंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण दोघांना ऐकू गेला.

"तिला बोलू नगंस. तिनं नगं म्हनलं हुतं. उकळला म्या, पाजला म्या, आन् डॉक्टरला कळवलं न्हाई ते बी म्याच."

कैलास शेताकडे निघून गेला. किमया त्या महिन्यातच बावधनला राहायला गेली. मला न्यायला तिचा हात पुढे झाला नाही. सारजाबाईंनी मला फोडलं नाही आणि पुन्हा चुलीवरही चढवलं नाही.

मित्रांनो, मी मातीची आहे. जे टाकाल ते उकळणं एवढंच मला येतं. कोणत्या फुलाने जिवाला आराम पडतो आणि कोणत्या मुळीने घात होतो, हे मला ओळखता येत नाही. पुडीवर काय आहे हे वाचता येत नसेल तर ती उकळू नका. घरात कोणाला रोजची गोळी चालू असेल, तर चहा, काढा, पाला, जे काही पोटात जातं ते डॉक्टरांना सांगा. ते रागावतील. रागावू द्या. बोलणी खाऊन माणूस घरी तरी येतो.