कोंडवाड्याचं दार

सावरधऱ्याच्या एसटी थांब्यामागे काळ्या दगडाचा कोंडवाडा आहे. इंग्रजांच्या राज्यात जंगलात ढोरं चारायला कर पडायचा आणि तो न भरणाऱ्याची ढोरं त्या चार भिंतींत डांबली जायची. दार केव्हाच गेलं, भिंती मात्र शाबूत आहेत. यंदा पंचायतीनं तिथली बाभळीची झुडपं काढून स्मारक करायचं ठरवलं.

पाटीवर नाव कोणाचं, हे विचारायची गावाला गरजच वाटली नाही. जंगल सत्याग्रहाच्या साली गुणवंतराव पाटलांनी कोंडवाड्याचं कुलूप तोडून ढोरं सोडली आणि त्यापायी सहा महिने तुरुंग भोगला, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं.

सरपंच बबिता राठोडनं मात्र लहानपणापासून वेगळं ऐकलं होतं. ती गावाला लागून असलेल्या तांड्यावरची, बंजाऱ्याची लेक. कोंडवाडा उघडला तो तिच्या पणजीनं, धानीबाईनं, असं तांड्यावरचं म्हातारं माणूस सांगायचं. तांड्यावर सांगितलेलं गावात कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ते तांड्यावरच राहिलं होतं.

"उद्या ग्रामसभेतच बोल ना," तिचा नवरा देवसिंग म्हणाला. "समद्यायच्या समोर होऊन जाऊ दे."

"म्हाताऱ्या माणसाले चारचौघात काहून पाडू?" बबिता म्हणाली. "आधी घरी जाऊन बोलतो. नाही ऐकलं तर सभा हायेच."

म्हातारा माणूस म्हणजे गुणवंतरावांचे धाकटे चिरंजीव सदाशिवराव. वय पंच्याऐंशीच्या पुढं, पण आवाज खणखणीत. बबिता गेली तेव्हा ते ओसरीत खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांच्या सुनेनं, विमलताईनं, चहा आणून ठेवला आणि ती तिथंच उंबऱ्याशी बसली.

बबितानं आडवळण घेतलं नाही. "आबाजी, पाटीवर आमच्या धानीबाईचं नाव पाह्यजे. कोंडवाडा तिनं उघडला."

सदाशिवरावांचा हात थांबला. "माह्या बापानं सहा महिने काढले जेलात. परत आले तवा अंगावर मांस नव्हतं, असं माय सांगे. ते खोटं होय का?"

"जेल खरीच हाये. त्याच्याबद्दल कोण काय म्हणते? मी कोंडवाड्याचं बोलून राह्यली."

"मंग सांग. कसा उघडला तुह्या पणजीनं?"

बबितानं पदर सावरला आणि सांगायला लागली.

त्या साली तांड्यानं ठरवलं होतं की चराईचा पैसा द्यायचा नाही. तांड्याच्या नायकानं सगळ्यांसमोर शब्द घेतला. चार दिवसांनी जंगलखात्याची माणसं आली आणि गाई-बैल हाकून घेऊन गेली. बाजाराच्या दिवशी लिलाव, अशी दवंडी पिटली. पुरुषांपैकी कोणी कोंडवाड्याजवळ दिसला की शिपाई काठी उगारायचा. तेव्हा बाया निघाल्या. डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेतल्या आणि शिपायाला म्हणाल्या, ढोरं उपाशी हायेत, भिंतीवरून चारा टाकतो. शिपायालाही ती हंबरणारी ढोरं नकोशी झाली होती. बाया आहेत, काय करणार, असं म्हणून तो झाडाखाली जाऊन लवंडला.

"पेंढ्यायमधी मुसळं होती," बबिता म्हणाली. "दार सागाचं, लई जड. ज्या खुंट्यावर ते फिरे ती चूळ खालच्या दगडाच्या खोबणीत बसवलेली. बायायनं दाराखाली मुसळं घातली, समद्यायनं मिळून नेट लावला आणि दार खोबणीतून उचलून काढलं. दुसऱ्या बाजूला कुलूप लावलेली साखळी होती, तिच्यावरच फिरवून भिंतीला टेकवून ठेवलं. शिपाई जागा होईपर्यंत ढोरं जंगलात."

"आणि कुलूप?" सदाशिवरावांनी विचारलं.

"कुलूप कुठी तोडलं त्यायनं? ते जसंच्या तसं साखळीत लटकून होतं."

सदाशिवरावांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि विमलताईच्या लक्षात आलं की मामंजी हसतायत.

"माहा बाप मराच्या आधी हेच सांगून हसत होता," ते म्हणाले. "म्हणे, सदा, म्या कोर्टात कबूल केलं का कुलूप म्या तोडलं. साहेबानं लिहून घेतलं. अन् कुलूप तिकडं साबूत लटकून राह्यलं होतं. कोणी जाऊन पाह्यलं सुद्धा नाही."

विमलताई सासऱ्याकडं बघतच राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं कुलूप तोडल्याचीच गोष्ट ऐकली होती.

"मंग कबूल काहून केलं?" बबितानं विचारलं. हे तिला ठाऊक नव्हतं. तांड्यावरची गोष्ट ढोरं जंगलात गेली तिथंच संपायची.

"दुसऱ्या दिवशी पोलीस तांड्यावर निघाले होते. बायायले धरणार होते. माहा बाप चोवीस वर्षाचा, नुकतीच खादी घालाले लागला होता. तो आडवा झाला. म्हणे, म्या केलं, मले न्या. बंजाऱ्याच्या बाईनं ढोरं सोडली का तिले चोर म्हणणार होते. सरकारच्या नजरेत तांडा म्हणजे चोरच. अन् पाटलाच्या पोरानं तेच केलं का सत्याग्रह. तिले चोरीची सजा, समद्या तांड्यावर शिक्का. म्हणून त्यानं आपल्या अंगावर घेतलं."

"चांगलं केलं त्यायनं," बबिता म्हणाली. "आमचा तांडा उठून गेला असता नाहीतर."

"हाव."

"पण आबाजी, आता त साहेब नाही, कोर्ट नाही. आता तरी बायायच्या कामाले सत्याग्रह म्हणा."

सदाशिवरावांनी तिच्याकडं पाहिलं. ही पोरगी सरपंचपदाला उभी राहिली तेव्हा त्यांनी तिला मत दिलं नव्हतं, आणि ते तिलाही माहीत होतं. तरी ती सभेआधी त्यांच्या ओसरीत येऊन बसली होती.

"सभा किती वाजता हाये?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या पत्र्याच्या मांडवात गाव जमलं. तांड्यावरच्या बायाही आल्या, एरवी येतात त्यापेक्षा जास्त. बबितानं विषय मांडला तसा पाटलांच्या भावकीतला संजय उठला. तो महागावला खताचं दुकान चालवायचा आणि पुढच्या निवडणुकीची त्याची तयारी सुरू होती.

"सरकारी कागदावर गुणवंतरावांचं नाव आहे," तो म्हणाला. "सांगोवांगीवर इतिहास बदलता येत नाही. सरपंच आपल्या घरचं नाव लावून राह्यल्या."

कुजबुज झाली. बबिता उत्तर द्यायला उभी राहणार तोच मागून काठीचा आवाज आला. विमलताईच्या हाताला धरून सदाशिवराव पुढं आले.

"त्या कागदात कुलूप तोडल्याचं लिहिलं हाये," ते म्हणाले. "ते माह्या बापानं खोटं सांगितलं होतं. मले त्याचा अभिमान हाये." मग त्यांनी ओसरीत सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाले, "आजवर अर्धीच गोष्ट गावानं ऐकली. अर्धी माह्या घरात होती, म्या बोललो नाही. बाकीची तांड्यावर होती, ती कोणी ऐकाले गेलं नाही."

संजयनं इकडं तिकडं पाहिलं. त्याच्या बाजूनं कोणी उठेना. "काकाजीच म्हणून राह्यले तर माही काय ना आहे," असं म्हणून तो बसला.

बबितानं ठराव वाचला. धानीबाई आणि तांड्यावरच्या बायांनी चराईचा कर नाकारून कोंडवाड्याचं दार उचललं. त्यांच्यासाठी गुणवंतराव पाटलांनी तुरुंगवास सोसला. एवढंच पाटीवर येईल. बाकीच्या बायांची नावं कोणाला आठवतात का, असं तिनं विचारलं. तांड्यावरच्या एका आजीनं एक नाव सांगितलं, दुसरीनं ते चूक म्हटलं, आणि दोघी तिथंच वाद घालायला लागल्या. शेवटी एकमत झालेली तीन नावं घ्यायची ठरली आणि हात वर झाले. तांड्याचे आणि गावाचे हात वेगळे मोजावे लागले नाहीत.

पंधरा ऑगस्टला पाऊस उघडला होता. पाटीवरचा कपडा सदाशिवरावांनी काढावा असा सगळ्यांचा आग्रह. त्यांनी बबिताला बोलावून दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. कपडा खाली आला तसं तांड्यावरच्या बायांनी आपल्या गोर बोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, गाणं धरलं. गावातल्या बायांना शब्द कळत नव्हते, पण विमलताई त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि ठेक्यावर टाळ्या वाजवू लागली.

थोड्या वेळानं बबिता तिथून निघाली. तांड्याच्या नळाची पाइप टाकायला ठेकेदार आला होता, आणि खोदायची जागा तिला स्वतः दाखवायची होती. थांब्यावर लागलेल्या एसटीतून उतरलेली दोन-तीन माणसं पाटी वाचत थांबली होती.