भरलेलं अंग

बाजाराच्या दिवशी गडीमाणसं कराडला गेली, की हरणाबाई सुनेला घेऊन गुऱ्हाळात यायची. पोटुशी बाई तोलली तर तिला दृष्ट लागते, असं मलकापूरच्या शिवारात सगळेच मानत. हरणाबाईही मानायची. म्हणून आधी बनूच्या कानामागं काजळाचं बोट टेकवायची आणि मगच तिला काट्याच्या पारड्यात बसवायची. दुसऱ्या पारड्यात गुळाची ढेप आणि वर शेरांची वजनं.

ही रीत तिची तिनंच पाडली होती. दोन वर्षांपूर्वी तिची लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती काडीसारखी होऊन. पोर लहान राहावं आणि बाई सुखरूप मोकळी व्हावी म्हणून सासरी तिला अर्ध्या भाकरीवर ठेवलं होतं. शेवंता वाचली नाही. तिची नाडी सोडताना कराडच्या विनोदिनीबाई डॉक्टर म्हणाल्या होत्या, "उपाशी होती हो पोर. या दिवसांत बाईचं वजन वाढायला हवं." तेवढं एक वाक्य हरणाबाईनं पदराला गाठ मारावी तसं जपलं.

बनूला आईबाप नव्हते आणि नवरा, हरणाबाईचा अर्जुना, पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या लढाईवर. तेव्हा पहिलटकरीण असूनही तिचं सगळं सासूकडंच होतं. सकाळी दूध, दुपारी भाकरीबरोबर मेथी नाहीतर चाकवत, दाट आमटी, मूठभर शेंगदाणे, एक दिवसाआड अंडं. बनू लाजायची. "आत्याबाई, लोक म्हणत्याल, सून खाऊन खाऊन घर बुडवाया लागली."

"म्हणू देत. तू गिळ."

वजन बेतानं वाढत होतं. एका बाजाराला पाव शेर, कधी अर्धा. मग आठवा लागला आणि त्या दिवशी पारडं उचलेचना. हरणाबाईनं एक वजन टाकलं, दुसरं टाकलं. एका आठवड्यात चार शेर!

"अगं, भरलं की अंग!" ती हरखून म्हणाली. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. जोडवी तर परवाच तेल लावून काढावी लागली होती. हरणाबाईला ते सगळं बाळसंच वाटलं.

बनू हसली नाही. पारड्याच्या साखळीला धरून बसून राहिली. "डोकं लय ठणकतंय. दोन दिस झालं. आन् डोळ्यांम्होरं काजवं नाचत्यात."

तेवढ्यात दारातून रंगुबाई सुईण आत आली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, त्यामुळं ती कुणाच्याही घरात विचारल्यावाचून शिरायची. पारड्यातली बनू बघून तिनं कपाळावर हात मारला.

"हरणे, सून हाय का विकायचा माल? बघ तोंड कसं सुजलंय खाऊन खाऊन. पोरगं ढेपंएवढं झालं आसंल आत. वाट कुठनं काढू त्याला? गुऱ्हाळाच्या दारातनं?"

"अंग भरलंय तिचं, रंगूमावशी."

"भरलंय न्हवं, उतू चाललंय. आजपास्नं एक येळची पेज. डोकं उष्णतेनं दुकतंय, अंड्यांची उष्णता. न्हाईतर मला हाक मारू नगंस, सांगून ठेवती."

एक लेक उपाशी ठेवल्यानं गेली. आता सून खायला घातल्यानं जाणार? बनूला तिनं घरी आणून घोंगड्यावर निजवलं. पुढ्यात ताट आणलं, परत नेलं, पुन्हा आणलं. बनूनं तोंड फिरवलं. तिला मळमळत होतं.

निदान पाय तरी चोळावेत म्हणून हरणाबाई तेलाची वाटी घेऊन बसली. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला. तो भरून येईना. तिनं शेजारी पुन्हा दाबलं. दुसरा खळगा.

हे तिनं पाहिलं होतं. बाईच्या पायावर नाही, गुळावर. पावसाळ्यात कोपऱ्यातली ढेप ओल धरते, वजनाला जास्त भरते आणि बोट लावलं की खळगा तसाच राहतो. ढेप भारी झाली म्हणून त्यात गूळ वाढलेला नसतो. पाणी वाढलेलं असतं.

"भावजी!" ती ओरडली. दीर जोतीराम नुकताच बाजारातून येऊन बैल सोडत होता. "सोडू नगा बैलं. कराडला माघारी चला."

रंगुबाई उंबऱ्यात आडवी झाली. "डाक्टरीण पोट फाडती, हरणे. हादऱ्यांनी वाटंतच बाळंत झाली म्हंजी?"

"मग तुमीबी चला की. वाटंत झालीच तर हाताशी तर असाल."

रंगुबाई बडबडत गाडीत चढली.

गाडीत पाचट अंथरून बनूला कुशीवर निजवलं होतं. रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला. जोतीराम चाबूक उगारायचा, "हादरं नगं" म्हणून हरणाबाई त्याचा हात धरायची आणि लगेच "हाका की जोरात" म्हणून त्याच्यावरच खेकसायची.

"एक कायतरी सांगा, वैनी!"

ऊन टळटळीत होतं. कोयनेचा पूल दिसला तेव्हा बनू म्हणाली, "दिवस मावळला व्हय, आत्याबाई? काय दिसंना."

जोतीरामनं चाबूक उगारला आणि या खेपेला हरणाबाईनं त्याचा हात धरला नाही.

दवाखान्याच्या पायरीवर बनूला झटका आला. दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं ताणलं. विनोदिनीबाईंनी दातांत कापडाची घडी सरकवली, सुई टोचली आणि तिला खिडक्या लावलेल्या खोलीत नेलं. दंडाला पट्टा बांधून पारा पाहिला. नळीतून लघवी काढली आणि काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवली. ती नासक्या दुधासारखी पांढरी फुटली. मग बाई बाहेर आल्या.

"काय खात होती ही? आणि सूज कधीपासून?"

खरं सांगितलं तर सगळा दोष ताटावर येईल, असं हरणाबाईला वाटलं. रंगुबाई शेजारीच होती, टपून. पण खोटं सांगून डॉक्टरला फसवता येईल, रोगाला कसं फसवणार?

"दूध, भाजी, डाळ, अंडं. मीच घातलं. मागल्या बाजारापत्तुर वजन बेतानंच वाढत हुतं. ह्या आठवड्यात येकदम चार शेर. मला वाटलं, अंग भरलं. माज्या घालण्यानं झालं का, बाई?"

"नाही. वजन हळूहळू वाढतं ते पोराचं आणि आईचं असतं. असं झटक्यात वाढतं ते पाणी. हा रक्तदाबाचा विकार आहे. खाण्यानं येत नाही आणि उपाशी ठेवून जात नाही." बाईंनी एकदा रंगुबाईकडं पाहिलं. "सूज आठवड्याचीच आहे, हे कळलं ते बरं झालं. मूल आता बाहेर काढायला हवं. दोघंही वाचतील असं वचन मी देत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. एवढीशी, सुरकुतलेली, पण आवाज खणखणीत. हरणाबाईनं तिला कापसात गुंडाळून छातीशी धरलं. तिचे डोळे मात्र खाटेवर होते. बनू शुद्धीवर नव्हती. आणखी दोन झटके येऊन गेले होते. दवाखान्यातली दाई दर थोड्या वेळानं लघवीच्या नळीखालची बादली बघायची आणि मान हलवायची. उन्हं कलली तेव्हा तिनं बाईंना हाक मारली. बनूच्या अंगातलं पाणी सुटू लागलं होतं.

त्यानंतरची सकाळ. बनूनं डोळे उघडले, भिंतीवरून फिरवले, सासूवर आणले.

"दिसतंय का गं?" हरणाबाईनं विचारलं.

"दिसतंय की. तुमचं कुकू फिस्कटलंय." मग थोड्या वेळानं, "आत्याबाई, भूक लागलीया."

रंगुबाई सवयीनं पुढं झाली. "बाळंतिणीला तीन दिवस आन्नाचा कण..." हरणाबाईनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. रंगुबाईनं वाक्य गिळलं, कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि खाटेशी उभ्या विनोदिनीबाईंना विचारलं,

"दूध चालंल न्हवं? का आजून कायबाय आणू?"