तिसऱ्या मजल्यापर्यंतचं काम

भूकंपाला सहा दिवस झाले होते आणि त्या गल्लीत उभी म्हणावी अशी एकच इमारत उरली होती. डावीकडची बसली, उजवीकडची आडवी झाली, आणि मधली ही पाच मजल्यांची आपली जागच्या जागी! येणारा-जाणारा तोंडात बोट घालत होता. इंजिनिअरबाईही क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. सहा दिवसांत त्यांनी चाळीसेक इमारती तपासल्या होत्या. हिरवी चिठ्ठी म्हणजे खुशाल राहा, पिवळी म्हणजे आधी डागडुजी, मग राहा, आणि लाल म्हणजे आत पाऊल टाकू नका. लाल चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा संपून दुसरा फोडावा लागला होता.

दोरीपलीकडे सगळी बिऱ्हाडं ताटकळत होती. त्यातल्या एका आजींनी बाईंचा हातच धरला.

"दम्याची माणूस मी. तंबूतल्या धुळीनं जीव जातो हो. काल रात्री पंप संपता संपता वाचले. घरी कधी जाऊ, तेवढं आज सांगा."

"आधी बघू तर द्या, आजी."

"बघा, बघा. पण आमच्या ह्यांच्यासारखं बघू नका. हे चहा प्यायला बसले की दुधावर दुसरी साय येते. सगळी इमारत ह्यांना सावकाशराव म्हणते."

शेजारी उभे असलेले सावकाशराव हसले.

बाई तळमजल्यावर गाड्यांच्या जागेत शिरल्या. हातोडीनं एकेक खांब वाजवत चालल्या. कोपऱ्यातल्या खांबाचं वरचं काँक्रीट पोपडे निघावेत तसं गळून पडलं होतं. आतल्या सळया उघड्या पडल्या होत्या. बाईंनी विजेरी जवळ नेली, आणि त्या गुडघ्यांवरच बसल्या.

उभ्या सळयांना आडव्या रिंगांनी आवळलेलं होतं. रिंगा मुठीमुठीच्या अंतरावर, एकीलाही झोल नाही. आणि प्रत्येक रिंगेचं टोक आत, खांबाच्या पोटात वळवलेलं. असं वळवायला वेळ लागतो, बोटं सोलतात, म्हणून बहुतेक जण टोक नुसतं काटकोनात दुमडून मोकळे होतात. ते एरवी कुणाला कळत नाही. जमीन हलली की बाहेरचं काँक्रीट झडतं, दुमडलेली टोकं उघडतात आणि खांब फुटतो. इथे एकही टोक उघडलं नव्हतं. आतलं काँक्रीट बाळाला कुशीत धरावं तसं त्या रिंगांनी धरून ठेवलं होतं. दुसरा खांब बघितला, तिसरा बघितला. तेच! अंधारात, सिमेंटच्या आड, कुणाच्या नजरेला कधी पडणार नाही अशा जागी कुणीतरी पूजेच्या निष्ठेनं हात चालवला होता. बाईंचे हात आपसूक जोडले गेले.

त्या बाहेर आल्या. "पिवळी देते. खाली टेकू लावू, खांब दुरुस्त करू. महिन्याभरात घरी जाल."

एकच गलका उठला. आजींचा जीव भांड्यात पडला. त्या तिथल्या तिथे पिशवीत भांडी भरायला लागल्या.

सावकाशराव मात्र दोरीखालून वाकून बाईंजवळ आले. "बाई, त्या रिंगा मी बांधल्या."

चिठ्ठी लिहिता लिहिता बाईंनी मान वर केली. "तुम्ही?"

"सळया बांधायचो. मुकादम म्हणायचा, आत कोण बघणारे? मी म्हणायचो, मी बघतोय की." त्यांनी बोट वर केलं. "तिसऱ्याचा स्लॅब ओतून झाला आणि मला काढलं. फार वेळ लावतो म्हणून. वरचे दोन मजले दुसऱ्यांनी उरकले. पंधरा दिवसांत."

"वर तर एक तडा दिसत नाही, आजोबा."

"गिलावा चांगला आहे. आत बघा."

"तुम्ही राहता कितव्यावर?"

"पाचव्यावर," सावकाशराव म्हणाले आणि मागे वळून पिशवी भरणाऱ्या बायकोकडे बघत राहिले.

बाई एकट्याच चढल्या. पाचव्यावर, सावकाशरावांच्याच स्वयंपाकघरातल्या खांबाशी छिन्नी लावली. पाच-सात घाव बसले आणि हातभर तुकडा निखळला. रिंगा एकमेकींपासून वीत-वीतभर लांब. टोकं नुसती दुमडलेली, अर्धी उघडलेली.

तेवढ्यात धरणीनं पुन्हा कूस बदलली. धक्का छोटाच, पण मांडणीवरचे डबे वाजायला लागले आणि बाईंच्या डोळ्यांदेखत एक उभी सळई धनुष्यासारखी बाहेर वाकली. त्या जिन्याकडे धावल्या. चौथा मजला करकरत होता, वरून माती गळत होती. तिसऱ्यावर पाय पडला आणि ती करकर थांबली. इमारत तिथेही डुलत होती, पण लयीत, नाव पाण्यावर डुलते तशी. बाईंनी खांबाला पाठ टेकली. पृथ्वी हलवणारी ती अफाट शक्ती खांबातून वर चढताना, फिरताना आणि शांत होताना त्यांना पाठीत जाणवली. ज्यानं हे हलवलं त्यानंच ते सोसायला हा माणूस धाडला, असं त्यांना वाटून गेलं.

खाली येऊन त्यांनी दोन चिठ्ठ्या फाडल्या. "तिसऱ्यापर्यंत पिवळी. वरचे दोन मजले लाल. पाचव्यावर सळई माझ्यादेखत बाहेर वाकली. ते दोन्ही पाडून उतरवावे लागतील."

"आत्ता तर सगळं ठीक होतं!" चौथ्यावरचा शिंपी ओरडला. "आजोबा, तुम्हीच काहीतरी कानात सांगितलंत. गप्प बसायला काय जात होतं?"

आजी भांडी टाकून उभ्या राहिल्या. "घर आमचंही गेलंय, दिसत नाही का? त्या सळईखाली तुझी पोरं झोपली असती!" एवढं बोलून त्यांना धाप लागली.

शिंपी वर, आपल्या खिडकीकडे बघत राहिला. मग त्यानं मुकाट्यानं खुर्ची आणून दिली.

आजी बसल्या. श्वास जरा सापडल्यावर हळूच म्हणाल्या, "आता जायचं कुठं हो आपण?"

"माहीत नाही गं," सावकाशराव म्हणाले आणि आजींच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

तो हात बाई बघत होत्या. मधलं बोट वाकडं, अंगठ्याला जुना घट्टा. आजींचा श्वास जागेवर येईपर्यंत तो वरून खाली फिरत राहिला. बाईंना पुढच्या इमारतीकडे जायचं होतं, पण त्यांचा पाय निघेना.