दगडी उशी

नीलाच्या सासऱ्यांनी चपला काढल्या, टोपी खिशात घातली आणि गुहेतल्या भिक्खूंच्या दगडी ओट्यावर खुशाल आडवे झाले.

“मामाजी, उठा. लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. माप घेऊन राहिलो,” भोजराज म्हणाले.

गुहेचे राखणदार उदाराम हसले. माणसाने लोखंड पाहण्याआधीची दगडी पाती गुहेच्या तोंडाशी सापडली होती, ती जागा त्यांनी नुकतीच दाखवली होती. कितीतरी काळाने तिथे भिक्खू आले आणि त्यांनी खडकातच निजायची सोय कोरली, डोक्याखाली उशीसुद्धा ठेवली. ती उशी भोजराजांच्या मानेखाली अगदी नेमकी बसली.

नीला पुन्हा हाक मारायला वाकली, तर त्यांना झोप लागली होती.

ती जागीच थबकली. भोजराजांनी तीस वर्षं रेल्वे फाटकावर रात्रपाळी केली. तिथे भुयारी रस्ता झाला, फाटक बंद पडलं आणि त्यांची झोप उडाली ती उडालीच. रात्री प्रत्येक शिटीला उठून बसायचे. दिवसा सगळे कामात असताना निजायची त्यांना लाज. गोळ्या झाल्या, तेल झालं, नवी गादी झाली. माणूस वाळत चालला होता आणि नीलाच्या जिवाला घोर लागला होता.

गोंदियाहून आलेल्या चार बाया आत शिरल्या.

“बाबाजी ध्यान में हैं क्या?” एकीने हळूच विचारलं.

“हो,” नीलाने तोंड गंभीर ठेवून सांगितलं.

बायांनी हात जोडले, पायाशी फूल ठेवलं. तेवढ्यात बाबाजी घोरले. नीलाने पदर तोंडात कोंबला.

खालून हॉर्न वाजला. अर्जुनी मोरगावची शेवटची बस. जागा धरायला गेलेला तिचा नवरा संघदीप धापा टाकत वर आला.

“बाबाले उठव ना. बस सुटून राहिली.”

“सुटू द्या.”

“मंग जाऊ कसे?”

“पाहू मंग. पण मामाजीले उठवाचं नाही.”

संघदीपने वडिलांकडे नीट पाहिलं. मग चपला काढून तोही भिंतीला टेकून बसला. बस गेल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

तासाभराने भोजराजांनी डोळे उघडले.

“बस गेली काय?”

या माणसाने हयातभर कुठेही मिनिटाचा उशीर केला नव्हता.

“गेली, मामाजी.”

भोजराजांनी वरच्या खडकाकडे पाहिलं.

“मंग उठाची घाई काऊन?” असं म्हणून त्यांनी कूस बदलली आणि मान पुन्हा उशीवर नीट ठेवली.