कागदावर दोन डबे, गाडीत एक

मी लस नेण्याचा एक जुना निळा डबा आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले आहे. पोलिओच्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडतात, त्यावर मी किंवा माझे एखादे भावंड असतेच. तुमचे लक्ष तेव्हा बाईंच्या हातातल्या थेंबांकडे असते. आमच्याकडे कुणी नीट बघत नाही. त्याचा मला राग नाही.

माझी रचना साधी आहे. बाहेर प्लॅस्टिक, आत प्लॅस्टिक, मध्ये जाड फोम. वर घट्ट बसणारे झाकण. आत चारी बाजूंना पाण्याचे चार चपटे पॅक गोठवून उभे करतात आणि मधल्या जागेत लसीच्या कुप्या ठेवतात. झाकण बंद राहिले तर भर उन्हाळ्यातही मी एक दिवस गारवा टिकवतो, कधी थोडा जास्तही. दुसरे काही मला येत नाही.

कारखान्यातून मी लखनऊ छावणीतल्या लष्करी दवाखान्यात आलो. तिथे मेजर चंद्रप्रभा नर्सिंग ऑफिसर होत्या. मूळच्या वर्ध्याच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. कोठीत आम्ही वीस डबे रांगेत होतो. त्यांनी प्रत्येकाच्या झाकणात कागदाची एक चिठ्ठी अडकवली आणि ओढून पाहिली. चिठ्ठी सहज निघाली तर झाकण सैल, तो डबा बाजूला. माझी चिठ्ठी निघाली नाही, फाटली. "हा माझा," त्या म्हणाल्या.

त्यांची आणखी एक सवय होती. गोठवलेले पॅक त्या लगेच माझ्यात ठेवत नसत. ओट्यावर थोडा वेळ ठेवत, मग एकेक कानाशी धरून हलवत. आतले बर्फ थोडे सुटून 'खळ' असा आवाज आला, की पॅक तयार. फार कडक बर्फाने काही लशी गोठून वाया जातात. त्यांचे यजमान बबनराव टेलिफोन खात्यात होते. ते हसत, "नारळ निवडल्यासारखं काय करतेस गं?"

मग एके वर्षी त्यांचे नाव शांतिसेनेच्या यादीत आले.

शांतिसेना म्हणजे काय ते सांगतो. एखाद्या देशात लढाई थांबत नाही, तेव्हा अनेक देश मिळून आपले सैनिक तिथे पाठवतात. ते निळी टोपी घालतात. ते कुणाच्या बाजूने लढायला जात नाहीत. सामान्य माणसांना वाचवायचे, औषधपाणी पोचू द्यायचे आणि भांडणाऱ्यांच्या मध्ये उभे राहायचे, हे त्यांचे काम. ऐकायला सोपे वाटते. मी तिथे गेलो होतो, मला ते सोपे दिसले नाही.

निघण्याच्या दिवशी बबनराव म्हणाले, "बंदूकवाल्यांच्या मुलुखात तू हा डबा घेऊन जाणार?"

"बंदूकवाले आपल्याबरोबरही आहेत. डबा मात्र कुणाकडे नाही," त्या म्हणाल्या. "आणि हो, वर्षभर तुमचा डबा तुम्हीच करायचा. नुसत्या खिचडीवर राहू नका."

तो देश आफ्रिकेत होता. आमची छावणी म्हणजे तंबू, पत्र्याच्या खोल्या आणि लाल माती. भोवती जिल्ह्याएवढा मुलूख आणि त्यासाठी जेमतेम काही शे जवान. रस्ता पावसात वाहून जाई. हेलिकॉप्टर उडवायला तिथल्या सरकारची परवानगी लागे आणि ती हवी तेव्हा मिळत नसे. सरकारचे सैनिक म्हणत, हे बंडखोरांना सामील आहेत. बंडखोर म्हणत, हे सरकारचे आहेत. फोनवरून रोज नवी अफवा येई. आमच्या जवानांना बंदूक होती, पण ती फक्त जीव वाचवायला चालवायची, असा नियम होता.

मार्च महिन्यात दूरच्या एका निर्वासितांच्या छावणीत गोवर पसरला. तिथे दोनशे तीन मुले लसीवाचून होती. गोवर म्हणजे अंगावरचे पुरळ, एवढेच आपल्याला वाटते. जिथे मुले उपाशी असतात तिथे गोवराने मुले मरतात. म्हणून आम्हाला पाठवायचे ठरले. आदल्या संध्याकाळी वाटेवरच्या सगळ्या गटांसाठी परवान्याचा कागद टाइप झाला. त्यावर लिहिले होते, औषधाचे निळे डबे, नग दोन.

सकाळी सिस्टरनी दोन्ही डब्यांत चिठ्ठ्या अडकवल्या. दुसऱ्याची चिठ्ठी सरकन निघाली. आमच्या छावणीत तिसरा डबा नव्हता. त्यांनी तो परत ठेवून दिला, माझ्यात बसतील तेवढ्या सोळा कुप्या भरल्या. एका कुपीत दहा मुलांची लस. कागद बदलायचा मात्र राहून गेला.

दोन गाड्या, आठ जवान, कॅप्टन विपुल, दुभाषा म्हणून तिथलाच एक शाळामास्तर, सिस्टर आणि मी. साडेनऊला आम्हाला अडवले. रस्त्यात दोन पिंपांना दोर बांधला होता. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लाल टोपीवाला म्होरक्या बसला होता आणि मागे वीसएक बंदूकधारी. त्याने कागद पाहिला, गाड्या पाहिल्या आणि विचारले, "दुसरा डबा कुठे?"

विपुल साताऱ्याकडचा, तिशीच्या आतला. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मॅम, कागदावर दोन डबे आहेत."

"अगं बाई! माझीच चूक. झाकण सैल होतं म्हणून ठेवून आले. कागद राहिला."

"आपल्याकडे असतं तर बाबूनं उद्या या म्हणून परत पाठवलं असतं."

"मग इथं?"

"इथं बाबूकडे मशिनगन आहे, मॅम."

म्होरक्याने फोन काढून दाखवला. त्या सकाळीच कुणीतरी चित्र पाठवले होते. निळा डबा, माझ्यासारखाच, आणि खाली मजकूर की निळ्या टोपीवाले या डब्यांतून ड्रोनच्या बॅटऱ्या नेतात. "एक डबा तुम्ही आमच्या वैऱ्यांकडे उतरवला," तो म्हणाला. "हा उघडा. सगळ्या कुप्या बाहेर काढून फोडून दाखवा."

मित्रांनो, मला उघडून कुप्या उन्हात मांडल्या असत्या तर लस तिथेच संपली असती. नाही उघडले तर दोर सुटत नव्हता. विपुलने वायरलेसवर मुख्यालयाला विचारले. उत्तर आले, थांबा, तासाभरात कळवतो. तासाभराने पुन्हा तेच. हेलिकॉप्टरला परवानगी नव्हती. ऊन चढत गेले.

मी त्या आठ जवानांकडे बघत होतो. समोरची पोरे त्यांना डिवचत होती. एकाने गाडीवर थुंकून म्हटले, "यांच्या बंदुका लाकडाच्या आहेत. दुकानातून आणल्यात." मास्तरांनी मान खाली घालून ते भाषांतर करून सांगितले. जवानांचे बोट बंदुकीच्या घोड्याबाहेर सरळ ठेवलेले होते. दुपारचे अडीच वाजले तरी ते तसेच होते. गोळी झाडण्याचे शौर्य लोकांना माहीत असते. मी पाच तास न झाडण्याचे पाहिले. त्यांच्या शर्टांना मिठाचे पांढरे नकाशे आले होते.

सिस्टर गाडीच्या सावलीत जमिनीवर बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मांडीवर होतो. दर थोड्या वेळाने त्या मला जरासे तिरके करून कान लावत. बर्फ आत आपटले की त्यांचा चेहरा सैल होई. अडीचला त्यांनी कान लावला तेव्हा बर्फाचा आवाज कमी आणि पाण्याचा जास्त होता.

त्या उठल्या. "विपुल, मी बोलते."

"मॅम, तो ऐकणारा माणूस नाही."

"मी त्याला ऐकायला नाही, बघायला सांगणार आहे."

त्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "त्यांना सांगा, चूक माझी आहे. डबा खराब होता म्हणून मी आणला नाही आणि कागद बदलायला विसरले. विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तुमचा एक माणूस आमच्याबरोबर द्या. हा डबा त्याच्या मांडीवर राहील. छावणीत पोचल्यावरच झाकण उघडेल, तेही त्याच्यासमोर. फक्त त्याची बंदूक इथं राहील. आमच्या गाडीत बाहेरची बंदूक चालत नाही."

म्होरक्या हसला. "बंदुकीवाचून माझी माणसं चालायचीही विसरलीत. कोण जाणार?"

कुणी हलले नाही. मग मागून पिकल्या दाढीचा एक म्हातारा लढवय्या पुढे आला. त्याने खांद्यावरची बंदूक उतरवून म्होरक्याच्या मांडीवर ठेवली. "मी जातो. बसायला गादी मिळेल," तो म्हणाला. पोरे हसली. म्होरक्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिले आणि मग दोर सोडायला सांगितला.

पुढचा रस्ता खड्ड्यांचा होता. म्हाताऱ्याने मला दोन्ही हातांनी धरले होते. सुरुवातीला तो मला बॉम्बसारखा धरून होता. गाडी जोरात उसळली तेव्हा सिस्टर पटकन म्हणाल्या, "सरळ धरा, बाबा, सरळ!" मराठीतच. त्याला ते कळले. त्यानंतर प्रत्येक खड्ड्याला तो स्वतः हिंदकळे, मला हलू देत नसे.

छावणीत आईबाप मुलांना घेऊन सकाळपासून बसले होते. झाकण उघडले. म्हाताऱ्याने आत डोकावून पाहिले. सिस्टरनी एक कुपी काढली. कुपीवर एक खूण असते, गडद गोल आणि त्याच्या आत फिका चौकोन. उष्णता लागली की चौकोन काळा पडत जातो. गोलाइतका काळा झाला की लस फेकायची. चौकोन अजून पांढुरका होता. सिस्टर खाली बसल्या, त्यांनी एक पॅक काढून म्हाताऱ्याच्या कानाशी हलवला. खळ. थोडेसे बर्फ उरलेले होते. त्याने पॅक हातात घेतला, स्वतः हलवला, गालाला लावला, आणि दात नसलेल्या तोंडाने खूप हसला.

एकशे साठ मुलांना लस मिळाली. त्रेचाळीस राहिली.

परतताना विपुल म्हणाला, "दुसरा डबा आणला असता तर…"

"तर त्या मुलांना मी मेलेली लस टोचली असती आणि त्यांच्या आया निर्धास्त झाल्या असत्या," सिस्टर म्हणाल्या.

पुन्हा जायचे होते. पण दुसऱ्या दिवसापासून तिथे लढाई पेटली आणि तीन आठवडे रस्ता बंद राहिला. राहिलेल्यांपैकी चार मुले गेली. हे सिस्टरनी घरी फक्त एकदा सांगितले. पण तेव्हापासून घरातल्या कागदावरही त्या नग दोनदा मोजून लिहीत.

लखनऊला परतलो तेव्हा माझी कडी तुटली होती. सामान तपासणाऱ्या समितीने मला निकामी ठरवले. सिस्टर निवृत्त होताना त्यांनी लेखी अर्ज करून मला मागून घेतले. कोठीवाला म्हणाला, "मैडम, लोग रिटायर होकर चाँदी की ट्रे ले जाते हैं, आप ये ले जा रही हैं?"

"ट्रे में बर्फ टिकती है क्या, भैया?" त्या म्हणाल्या. पिशवीचा एक खाकी पट्टा शिवून त्यांनी माझी कडी केली.

आम्ही लखनऊतल्याच जानकीपुरमच्या घरी आलो. दर बुधवारी सिस्टर मला घेऊन जवळच्या लसीकरणाला जात. तिथल्या आरोग्यसेविका पिंकीदीदींना त्यांनी चिठ्ठी आणि खळ, दोन्ही शिकवले. घरी परत आल्या की मला पुसत, पॅक माझ्यात उभे करत आणि झाकण लावत.

मागच्या जानेवारीत त्या गेल्या. अकरा दिवसांचा आजार. त्याआधीच्या बुधवारी त्यांनी मला बंद केले होते.

बबनरावांनी मला कपाटावर ठेवले. रोज सकाळी ते माझ्यावरची धूळ पुसत. झाकणाला हात लावत नसत. त्यांची मुलगी स्नेहल आली की म्हणे, "पापा, खोलकर धूप तो दिखा दो, बदबू आ जाएगी."

"राहू दे. तिनं बंद केलंय."

"आप भी ना, पापा."

असे नऊ महिने गेले. मग पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांत तीन मुलांना गोवर निघाला. पिंकीदीदी संध्याकाळी दारात आल्या. "अंकल, कल सुबह वहाँ कैंप है. सेंटर के सारे डिब्बे बँट गए, एक कम पड़ रहा है. आंटी वाला मिल जाता तो…"

बबनरावांनी कपाटाकडे पाहिले. "वो खाली नहीं है," ते म्हणाले.

"क्या रखा है उसमें?"

"पानी. उसने भरा था."

त्यांनी पिंकीदीदींना बसवले, चहा केला, दोघांनी तो प्यायला. कप विसळून झाल्यावर ते खुर्चीवर चढले आणि त्यांनी मला खाली घेतले. माझे झाकण घट्ट होते, दोनदा ओढावे लागले. आत चारही पॅक तसेच भरलेले होते. त्यांनी एक उचलला आणि मोरीकडे वळले.

"फेंकिए मत, अंकल," पिंकीदीदी उठून म्हणाल्या. "पानी बदलना नहीं होता. वही बार-बार जमता है. आंटी ने ही सिखाया था."

ते मोरीवरून मागे फिरले. मग त्यांनी चारही पॅक फ्रीजरमध्ये एकेक करून ठेवले, आडवे, एकमेकांना न चिकटतील असे.

सकाळी त्यांनी ते ओट्यावर काढले. स्टूल ओढून समोर बसले. थोड्या वेळाने एक पॅक कानाशी धरून हलवला. काही नाही. पुन्हा थोडे थांबले. पुन्हा हलवला. खळ.

"झालं गं तयार," ते म्हणाले. स्वयंपाकघरात दुसरे कुणी नव्हते.

दारात पिंकीदीदींनी माझ्या झाकणात चिठ्ठी अडकवून ओढली. ती फाटली. मग त्या म्हणाल्या, "चलिए, अंकल, पट्टा आप ही पकड़िए. सिलाई आपके घर की है." आणि आम्ही तिघे निघालो, आधी सेंटरवर लस घ्यायला आणि मग झोपड्यांकडे.

मित्रांनो, माझे एवढेच सांगणे आहे. लसीचा डबा दिसला तर त्यावर बसू नका, उगाच झाकण उघडून बघू नका. निळ्या टोपीतल्या माणसाची बातमी ऐकलीत तर त्याने किती गोळ्या झाडल्या हे विचारू नका, तो किती वेळ उभा राहिला ते विचारा. आणि उन्हातून कुणी असा डबा घेऊन तुमच्या दारात आले, तर त्यांना आधी बसायला सांगा आणि पाणी द्या. डब्यातले पाणी त्यांच्यासाठी नसते.