हवेत झोपतो कोण?

डिसेंबरात थर्मोस्टॅट बिघडला, फरशीखालून फिरणारं गरम पाणी थांबलं आणि चुनचन शहरातलं आमचं घर गारठलं. माझी बायको ओकबुन चार दिवस गुडघे धरून बसली होती. मी हानबित आणि ओन्गी या दोन कंपन्यांच्या थर्मोस्टॅटची माहितीपत्रकं वाचत होतो.

"अहो, परीक्षेला बसणार आहात का?" ती म्हणाली.

सोलहून आलेला मुलगा सांगह्योन हानबितच्या बाजूचा. "आई, हा खोलीतल्या हवेचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत मोजतो. फोनवरूनही चालतो. ओन्गी म्हणजे म्हाताऱ्यांचं खेळणं!"

"हवा? तू हवेत झोपतोस? पाखरू आहेस का रे?" तिनं फरशीवर हात आपटला. "आम्ही इथं झोपतो. इथलं मोजणारा कुठला?"

ओन्गी फरशीखालच्या पाण्याचं तापमान मोजतो, हे मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. माझंच चुकत असेल, म्हणून बोललो नव्हतो. आता हळूच सांगितलं.

"चार दिवस हे पोटात ठेवलंत? तुमच्यापेक्षा ती माहितीपत्रकं बरी, उघडली तर सांगतात तरी!"

संध्याकाळी ओन्गी बसला. फरशी तापल्यावर ओकबुननं गुडघे सरळ केले आणि ती माझ्याकडे पाठ करून झोपली.