साडी नेस, सही नको

"बाबा, फुईनं सही केली की मग ती राहणार कुठे?"

शाळेत एवढी बोलते, पण घरी हे विचारायची योगिताची छाती होणार नाही, अशी पैज तिच्या मैत्रिणी स्नेहा आणि मयुरी यांनी लावली होती. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, पाहुण्यांसमोर, तिनं विचारून टाकलं.

लिंबायतच्या विणकर वस्तीतलं हे दोन खोल्यांचं घर तिच्या आजोबांनी मागावर घाम गाळून बांधलेलं. त्यांच्यामागे निम्मं तिच्या बाबांचं, भिकनचं, आणि निम्मं त्यांच्या विधवा बहिणीचं, कमलचं. सासरच्यांनी हाकलल्यापासून कमलफुई मागच्या खोलीत मागासाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरत होती. आता भिकनला तिथं माग टाकायचे होते. आणि खानदेशातली रीत सोयीचीच: सणाला बहिणीला साडी द्यायची, तिनं कागदावर सही करून घरावरचा हक्क सोडून द्यायचा.

पोरीची जीभ फार लांब झालीय, एवढंच भिकन म्हणाला.

पैज जिंकल्याच्या तोऱ्यात योगिता मागे गेली, तर फुई नवी साडी मांडीवर घेऊन बसलेली. खरंच सही करणार का, असं तिनं विचारलं.

"नाही केली तर भाऊ तुटेल, केली तर छप्पर जाईल. कुठे जाऊ व माय? तापीला काही दार नसतं."

फुई जीव द्यायचं बोलतेय, हे योगिताला कळलं. पैज कुठल्या कुठे गेली. ती रडतच चुलीपाशी आईकडे धावली.

पुष्पाबाईंनी सगळं ऐकलं आणि पिठाच्या हातांनीच पाहुण्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मीही अशीच सही करून आले. त्या साडीची घडी अजून मोडवत नाही मला. तेव्हापासून माहेरी पाहुणी आहे मी. उद्या आपला पोरगा दीपक योगिताला अशीच साडी देईल. मग ही कोणत्या दारात उभी राहील?"

भिकननं लेकीकडे पाहिलं. मग मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन खाली मान घालून म्हणाला, "कमल, साडी सणाची आहे, नेस. सही नको. माग पुढच्या खोलीत एकच टाकू."

आत फुईचा हुंदका फुटला.

योगितानं डोळे पुसले.

"आई, बाबा, माझंही ठरलं. दीपकला मी जन्मभर राखी बांधीन, त्याच्या अडीनडीला धावेन. पण माझा निम्मा वाटा सोडणार नाही. बहिणीचा वाटा ही भावाची मेहेरबानी नसते. तो तिचाच असतो."